दुपारी दोन ते चारमध्ये मावणारे खेळ

मे महिन्यात दुपारी दोन ते चार माझ्या मेडिकलवर फारसं कोणी येत नाही. पारा ४५ च्या आसपास असतो, नागपूरच्या मानेवाडा रोडवर चिटपाखरू दिसत नाही, शटर अर्धं खाली ओढलेलं असतं आणि कूलरच्या ताट्यांमधून पाणी टपकत असतं. दुकान बंद करून घरी जाता येत नाही, कारण नेमका त्याच वेळी कोणीतरी डोक्याला दुपट्टा गुंडाळून ओआरएसची पाकिटं नाहीतर लेकराच्या तापाचं औषध घ्यायला येतो. डोळा लागून चालत नाही. हिशेबाची वही काढली तर आकडे उन्हात विरघळल्यासारखे वाटतात.

गेले तीन उन्हाळे या दोन तासांत मी छोटे प्लॅटफॉर्म गेम खेळतोय. उड्या मारत पुढे जायचे, जुन्या टीव्ही गेमसारखे दिसणारे, एकदोन माणसांनी मिळून बनवलेले, आणि सावजीच्या एका मटण थाळीपेक्षा कमी पैशांत येणारे. बिलिंगसाठी ठेवलेला लॅपटॉप जुना आहे, मोठा गेम टाकला की पंखा विमानासारखा ओरडतो. हे खेळ त्यावर लोण्यासारखे चालतात.

त्याआधी मी एक मोठा गेम घेतला होता. नाव सांगत नाही, खेळ वाईट नव्हता. पण त्यात शंभर तासांची गोष्ट होती आणि मी रोज चाळीस मिनिटं देणारा माणूस. मध्ये एका लग्नाच्या गडबडीत आठ दिवस गेले आणि परत उघडला तेव्हा मी कोणाला शोधायला निघालो होतो, खिशातली ती किल्ली कशाची, काहीच आठवेना. तो तसाच राहिला. मित्र म्हणतात, छोट्या गेमला पैसे कशाला द्यायचे, दोन तासांत तर संपून जातो. माझ्या धंद्यात बाटली मोठी आहे म्हणून औषध चांगलं असं कोणी म्हणत नाही. संपणं हा या खेळांचा गुण आहे असं मला मनापासून वाटतं. दुकान सांभाळणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरी करायला मिळणं ही साधी बाब नाही.

या सगळ्यांत माझा सर्वात आवडता म्हणजे व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही. इंग्रजी व्ही हे अक्षर सहा वेळा, एवढंच नाव. मी आणि भाचा त्याला ‘सहा व्ही’ म्हणतो. आयर्लंडच्या टेरी कॅव्हनाने तो बनवला आणि जानेवारी २०१० मध्ये आणला. अमेरिकेत पाच डॉलरला मिळतो, मी सेलमध्ये घेतला. यूपीआयने पैसे गेले आणि चहा संपायच्या आत गेम उतरूनही झाला.

यात उडी नाहीच. प्लॅटफॉर्म गेम आणि उडी नाही, हे ऐकून भाचा आधी माझ्याकडे बघतच राहिला. डावीकडे, उजवीकडे, आणि एक बटन दाबलं की गुरुत्वाकर्षण उलटतं. कॅप्टन व्हिरिडियन नावाचा छोटासा निळसर माणूस जमिनीवरून सुटतो आणि छताला जाऊन उभा राहतो. पुन्हा दाबलं की खाली. पाय कुठेतरी टेकलेले असल्याशिवाय उलटता येत नाही, त्यामुळे एकदा सुटलात की पोचेपर्यंत फक्त डावं-उजवं हातात असतं. तेवढ्या एका नियमावर अख्खा खेळ उभा आहे. एका भागात हवेत रेषा आहेत, त्यांना लागलात की आपोआप उलटता. दुसऱ्या भागात पडद्याच्या डाव्या कडेतून बाहेर गेलात की उजवीकडून आत येता. एका मनोऱ्यात पडदा स्वतःच सरकत राहतो आणि थांबायला वेळ देत नाही. प्रत्येक ठिकाणी नियम तोच, पण तुम्ही तो नव्याने शिकता.

गोष्ट चार ओळींची. अंतराळयानात बिघाड होतो, कॅप्टनचे पाच सोबती इकडेतिकडे विखुरतात, त्यांना शोधून आणायचं. सगळ्यांची नावं व्हीवरून. रंग वेगळे, चेहरे म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. पण मेलात की ती रेघ उलटी होते, हसरा चेहरा रडवा होतो, आणि त्या एवढ्याशा बदलाने खरोखर वाईट वाटतं.

मरण तर सारखंच येतं. काटे सगळीकडे आहेत, तेही व्हीच्याच आकाराचे. पण इथे लाइफ मोजत नाहीत. जवळजवळ प्रत्येक खोलीत चेकपॉइंट आहे. मेलात की क्षणात पुन्हा तिथेच उभे. आपण बोट बटनावरून उचललेलंही नसतं. त्यामुळे मरणाची भीती जाते आणि ‘अजून एकदा’ एवढंच उरतं. मी पहिल्या फेरीत नऊशेच्या वर मेलो, आणि एकदाही लॅपटॉप रागाने बंद केला नाही.

प्रत्येक खोलीला खाली एक नाव लिहिलेलं आहे. ही नावं बेनेट फॉडी या दुसऱ्या गेम बनवणाऱ्याने दिलेली आहेत, आणि ती वाचत जाणं हा वेगळाच आनंद. संगीत स्वीडनच्या मॅग्नस पॉलसनचं. कूलरच्या घरघरीतही ऐकू यावं म्हणून मी एक कान मोकळा ठेवून इअरफोन लावतो, दुसऱ्या कानाने दाराकडे लक्ष. मनोऱ्यातली धून मला इतकी बसली की गोळ्यांच्या स्ट्रिप कापताना कात्री त्याच तालात चालते.

आता त्या एका जागेबद्दल लिहायलाच हवं. खेळात वीस चमकणारे ट्रिंकेट लपवलेले आहेत, गोळा केले तर केले, नाही केले तरी गेम पूर्ण होतो. त्यातला एक दिसतो अगदी समोर. मध्ये फक्त एक ठोकळा, कॅप्टनच्या घोट्याएवढा. कुठल्याही दुसऱ्या गेममध्ये तुम्ही त्यावरून सहज उडी मारली असती. इथे उडी नाही. म्हणून काय करायचं, तर गुरुत्व उलटवायचं आणि वर पडायचं. वर, अजून वर, एकामागून एक खोल्यांमधून, दोन्ही बाजूंना काटे, मधली वाट कधी डावीकडे वळते कधी उजवीकडे. सगळ्यात वर टेकायचं, उलटायचं, आणि त्याच काट्यांमधून पुन्हा तळापर्यंत खाली पडायचं. कुठेही चुकलात तर पुन्हा खालच्या ठोकळ्याशी. वाटेतल्या खोल्यांची नावं आहेत व्हेनी, व्हिडी, व्हिसी. आलो, पाहिलं, जिंकलं. हे सगळं एका पावलाएवढ्या ठोकळ्याच्या पलीकडे उतरायला.

मी ते मागच्या मे महिन्यात चार दुपारी केलं. पहिल्या दिवशी फक्त वर जाणं. दुसऱ्या दिवशी वरचं वळण पाठ झालं, पण खाली येताना हात थरथरायचा. तिसऱ्या दिवशी तळाच्या खोलीपर्यंत आलो आणि शटरखालून आवाज आला, ‘‘भाऊ, बीपीची गोळी आहे का?’’ मान वर केली आणि काट्यावर गेलो. गोळी दिली, सुटे पैसे दिले, परत बसलो. चौथ्या दिवशी उतरलो. ट्रिंकेट घेतल्यावर खेळ जो आवाज करतो तो ऐकून मी दुकानात एकटाच उभा राहिलो होतो. पलीकडच्या इस्त्रीवाल्याने डोकं आत घालून विचारलं, ‘‘काय झालं भाऊ, बरं आहे ना?’’ मी त्याला लॅपटॉप वळवून दाखवला. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण तो म्हणाला, ‘‘जमलं ना? मग झालं तर.’’

शेवटी खेळ एक पान दाखवतो, किती वेळ लागला, किती वेळा मेलात, आणि तुम्हाला सर्वात अवघड गेलेली खोली कोणती. माझ्या पानावर त्याच वाटेवरची खोली होती.

उणिवा आहेत. मध्ये एका ठिकाणी सोडवलेल्या सोबत्याला घेऊन जावं लागतं. तुम्ही जमिनीवर असलात तर तो चालतो, छतावर गेलात की थांबतो. कल्पना चांगली, पण तो मेला की आपल्याला शिक्षा, आणि एरवी इतका मोकळा असलेला खेळ तिथे अडखळतो. हालचालीत थोडी घसरणही आहे, बटन सोडल्यावर कॅप्टन किंचित पुढे जातो. पहिला अर्धा तास मला तो दोष वाटला, नंतर हाताला सवय झाली. आणि औषधाच्या दुकानात बसणारा माणूस म्हणून एक सांगतो: यात काही ठिकाणी पडदा लखलखतो. घरात कोणाला फिट येण्याचा त्रास असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते आधी बंद करा, ती सोय आहे. वेग ८०, ६० किंवा ४० टक्क्यांवर आणायची सोय आहे, आणि मरूच नये असंही करता येतं. माझ्या बायकोने ६० वर खेळून सगळे सोबती गोळा केले. तिचा आनंद माझ्यापेक्षा काही कमी नव्हता.

मी हे खेळ का धरून बसलो त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९९४-९५ च्या सुमाराला आमच्या नंदनवनच्या घरी काकाने टीव्ही गेम आणला होता. पिवळी कॅसेट, त्यावर मोठ्ठा आकडा लिहिलेला, आणि आत तेच आठ-दहा खेळ पुन्हा पुन्हा. उन्हाळ्यात अॅडाप्टर इतका तापायचा की चित्र हलायला लागायचं, मग आम्ही तो कूलरच्या तोंडाशी धरून बसायचो. मारिओमध्ये आठ जगं, प्रत्येकात चार लेव्हल, आणि सेव्ह करायची सोय नाही. मी एकदा आठव्या जगात पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा. माझा चुलतभाऊ श्वास रोखून बसला होता. आणि लाइट गेली. आमच्याकडे तेव्हा ती रोजच जायची. दीड तास अंधारात बसून आम्ही दोघंही काही बोललो नाही. लाइट आली तेव्हा कॅसेट पुन्हा पहिल्या जगात होती.

आजचे हे छोटे खेळ दिसायला त्या कॅसेटमधून निघाल्यासारखे आहेत. तेच ठिपके, तेच थोडके रंग, तोच टुकटुक आवाज. पण त्या दुपारी आमच्याशी जो अन्याय झाला, तो हे करत नाहीत. बनवणाऱ्यांनी लहानपणी तो सोसलेला असावा असं मला नेहमी वाटतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सेलेस्ट या डोंगर चढायच्या गेमची पहिली, छोटी आवृत्ती. मॅडी थॉरसन आणि नोएल बेरी या दोघांनी ती चार दिवसांत बनवली, पिको-८ नावाच्या कल्पनेतल्या मशीनसाठी, म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणाऱ्या एका प्रोग्रामसाठी. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग फक्त १६. त्यातूनच पुढे २०१८ चा मोठा सेलेस्ट झाला. छोटी आवृत्ती फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालते, काही उतरवावं लागत नाही. तीस पडदे, प्रत्येक पडदा शंभर मीटरचा, आणि वर शिखर. हवेत एकदा झेप घेता येते. झेप वापरली की मुलीचे लाल केस निळे होतात, पाय टेकले की परत लाल. पट्टी नाही, आकडे नाहीत, केसांकडे पाहिलं की कळतं.

भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे येतो, आता सातवीत गेला. त्याने हा खेळताना एकदा विचारलं, ‘‘मामा, मी तर कड्यावरून पडलो होतो, मग उडी कशी लागली? हे काहून असं होऊन राहिलं?’’ त्याची नजर बरोबर होती. कड्यावरून पाय सुटल्यावरही खेळ लगेच पाडत नाही. सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा साधारण पाचवा भाग, तो तुम्हाला अजून जमिनीवरच धरतो, आणि तेवढ्यात बटन दाबलं तर उडी मान्य करतो. जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलं तरी चालतं, ते दाबणं तो लक्षात ठेवतो. आपल्याला वाटतं की आपलीच वेळ अचूक होती. मी त्याला हे समजावलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे तो आपल्या बाजूने आहे.’’

डाउनवेलबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळ्या जातीचा आहे. ओजिरो फुमोतो या जपानी माणसाने केला, २०१५ मध्ये आला. त्याआधी फुमोतो गाण्याचं, ऑपेराचं शिक्षण घेत होता. एक मुलगा विहिरीत उतरतो आणि त्याच्या बुटांना बंदुका आहेत. गोळ्या खाली झाडल्या की पडण्याचा वेग कमी होतो, कशावर तरी पाय टेकला की गोळ्या पुन्हा भरतात. काळा, पांढरा, लाल, एवढेच रंग. फोनवर उभा धरून खेळता येतो, आणि एक डाव काही मिनिटांत आटोपतो. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेला याच्यासारखा खेळ नाही. पण इथे मेलात की पहिल्यापासून, आणि विहीर दर वेळी वेगळी. ज्यांना चिडचिड लवकर होते त्यांनी आधी सहा व्ही घ्यावा.

चौथा मायक्रो मेजेस. २०१९ चा, पण तो खरोखर काकाने आणलेल्या त्या टीव्ही गेमसारख्या जुन्या मशीनसाठी लिहिला आहे, कॅसेटमध्ये घालून चालतो. पूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे, म्हणजे आमच्या त्या मारिओएवढाच. माझ्याकडे लोक व्हॉट्सअॅपवर डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवतात, तो एक फोटो याच्या कितीतरी पट जड असतो. जागा वाचवायला त्यांनी राक्षसाचा अर्धाच चेहरा साठवला आणि दुसरा अर्धा आरशासारखा उलटून दाखवला, अशा युक्त्या केल्या आहेत. भिंतींवरून उड्या मारत मनोरा चढायचा. चार जण एकदम खेळू शकतात. एकट्याने खेळलात तर ठीकठाक वाटेल, भाचा शेजारी असला की घर डोक्यावर.

त्यासाठीच मी बर्डीवरच्या एका दुकानातून स्वस्तातला गेमपॅड घेतला आणि पस्तावलो. उजवीकडे दाबलं की तो मध्येच वरही दाबायचा. परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, खोक्याचं सील तुटलं आहे. सील तोडल्याशिवाय बटन कसं दाबून बघायचं, हे त्याने सांगितलं नाही. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच लॅपटॉपला लावून बघा, चारही दिशा दहा-दहा वेळा दाबा. सहा व्हीला आणि छोट्या सेलेस्टला तर गेमपॅडची गरजही नाही, कीबोर्ड पुरतो.

एक गोष्ट मनाला लागते ती बोलतोच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. नियम चांगला आहे, गेम चाललाच नाही तर माणूस अडकत नाही. पण हे छोटे खेळ दीड-दोन तासांत पूर्ण होतात, आणि काही जण शेवटपर्यंत खेळून, शेवट बघून पैसे मागून घेतात. माझ्या ओळखीतल्या एकाने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी त्याला विचारलं, पूर्ण थाळी जेवून, हात पुसून, मग पैसे परत मागशील का? त्याला राग आला. मला अजूनही वाटतं की मी बरोबर विचारलं. एका माणसाने महिनोन्महिने बसून एक-एक खोली रचली, काटा कुठे हवा आणि कुठे नको हे हजार वेळा तपासलं, म्हणून तो खेळ दोन तासांत इतका सरळ वाहतो. कॅव्हनाने तर दहा वर्षं झाली तेव्हा, जानेवारी २०२० मध्ये, सहा व्हीचा सगळा कोड लोकांसाठी खुला केला. ज्याला शिकायचं आहे त्याने उघडून बघावं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी फुकटातला छोटा सेलेस्ट खेळावा, दुपारी बसलात तर चहाच्या वेळेपर्यंत शिखरावर. आवडला तर सहा व्ही घ्यावा, आणि घाई नसेल तर सेलची वाट बघावी. डाउनवेल फोनवर. मायक्रो मेजेस घरात दुसरं कोणी खेळणारं असेल तरच.

यंदा लॅपटॉप दुपारी माझ्या हाती लागत नाही. भाचा गल्ल्यामागच्या स्टुलावर बसतो, मी ऑर्डर लावतो. परवा एक आजी डोळ्यांत टाकायचे थेंब घ्यायला आल्या आणि त्याच्या मागे उभ्या राहून बघत बसल्या. ‘‘काय पाहून राहिला बाप्पा इतकं?’’ त्याने मान न वळवता सांगितलं, ‘‘आजी, त्या ठोकळ्याच्या पलीकडे जायचं आहे.’’ आजी म्हणाल्या, ‘‘मग जा की, एवढासा तर आहे.’’ त्याचे एकोणीस ट्रिंकेट झालेत. काल संध्याकाळपर्यंत तो व्हिडीपर्यंत पोचला होता.